बाटली आडवी झाल्यानंतरचे चार दिवस

गावोगावच्या दारूबंदी समित्यांमधल्या आणि बचत गटांमधल्या सर्व ताई, मावशी, काकूंना,

सप्रेम नमस्कार.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. जिल्ह्याच्या गावी माझा दवाखाना आहे आणि ठरलेल्या दिवशी मी ग्रामीण रुग्णालयातही रुग्ण तपासते. तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. सह्या गोळा करायच्या, तहसीलचे उंबरे झिजवायचे, घरातल्याच माणसाच्या शिव्या खाऊन मतदानाला जायचं आणि आडव्या बाटलीवर, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करण्याच्या बाजूने, शिक्का मारायचा. तेही एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडली तरच दुकान बंद होणार हे माहीत असताना. ज्यांनी हे केलं त्यांना मी काही शिकवायला आलेली नाही. तुमच्या लढाईत एक काम राहून जातं आहे, आणि ते राहून गेलं की कुणाच्या तरी घरी जीव जातो, म्हणून हे लिहिते आहे.

दुकान बंद होण्याआधी गावाने एका गोष्टीची तयारी करून ठेवायला हवी: ज्यांची दारू त्या दिवशी तुटणार आहे, त्यांच्या पहिल्या चार-पाच दिवसांच्या औषधोपचाराची. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस दारूने मरतो हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तीच दारू एकाएकी तुटल्यानेही तो मरू शकतो, हे मात्र सभांमध्ये कुणी सांगत नाही. व्यसनमुक्तीच्या भिंतीवरच्या पाट्यांवरही ते मी कधी वाचलेलं नाही.

हा धोका प्रत्येक पिणाऱ्याला नसतो. बाजारच्या दिवशी किंवा लग्नाच्या वरातीत पिणाऱ्याची दारू बंद झाली तर तो चार दिवस चिडचिड करील, एवढंच. मी बोलते आहे ती माणसं वेगळी. सकाळी तोंड धुण्याआधी ज्याला 'डोळे उघडायला' घोट लागतो. ज्याला चहाची बशी धरवत नाही, आणि अर्धा पव्वा पोटात गेला की ज्याचे हात स्थिर होतात. तो आता मजेसाठी पीत नाही, थरथर थांबावी म्हणून पितो. तुमच्या वाडीत, वस्तीवर अशी माणसं कोण, हे कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा तुम्हाला नीट ठाऊक असतं. तरी आकडा सांगते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूवर असे अवलंबून असलेले लोक तिच्यात सुमारे २.९ कोटी निघाले. त्यातल्या ३८ जणांत एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० जणांत एक.

आता शरीरात काय घडतं ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप पटतं.

दारू मेंदूला मंद करते. रोज, दिवसभर मंद करणारी वस्तू आत येत राहिली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. त्याची स्वतःची शांत करणारी यंत्रणा बोथट होत जाते आणि चेतवणारी यंत्रणा वाढत जाते. चढावर भरलेली गाडी ओढणारा बैल सगळं अंग लावून असतो. मध्येच जोत तुटलं तर तो तोंडावर आपटतो. दारू अचानक थांबली की मेंदूचं तसंच होतं. ओझं गेलेलं असतं, लावलेला जोर मात्र चार-पाच दिवस तसाच राहतो.

शेवटच्या घोटानंतर साधारण सहा-आठ तासांत सुरुवात होते. हात कापतात, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते, झोप येत नाही, उगाच भीती वाटते. बहुतेकांचं इथेच थांबतं आणि तीन-चार दिवसांत ओसरतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटका येतो. आयुष्यात कधी मिरगी नसलेला माणूस ओट्यावर बसल्या बसल्या आडवा होतो, दातखीळ बसते, तोंडाला फेस येतो. काहींना भास होतात: कुणी तरी हाक मारतं आहे, भिंतीवर काही तरी हलतं आहे. आणि थोड्या लोकांना, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान, ते होतं ज्याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. हे नाव १८१३ साली थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने दिलं, म्हणजे आजार काही नवा नाही.

हा भ्रम ज्यांनी पाहिला आहे त्या विसरत नाहीत. माणूस दिवस आहे की रात्र हे ओळखत नाही. बायकोला ओळखत नाही. अंगावर किडे, मुंग्या, उंदीर चढताहेत म्हणून झटकत राहतो. हवेतून दोरे ओढतो. पुष्कळदा तो आपल्या कामावर असतो: ड्रायव्हर खाटेवर बसून स्टिअरिंग वळवतो, शिंपी न दिसणाऱ्या सुईत दोरा ओवतो, गवंडी चादरीवर थापी फिरवतो. अंग तापलेलं, नाडी पळतेय, घामाने कपडे भिजलेले. घरच्यांना वाटतं, लागीर झालं. दारू तर तीन दिवसांपूर्वीच सुटली आहे, मग हे दारूचं कसं असेल? त्यामुळे भगताकडे नेतात, गंडा बांधतात, लिंबू उतरवतात. ह्यात घरच्यांना बोल लावायला माझी जीभ धजत नाही. तिसऱ्या दिवशी आलेल्या त्रासाचा तीन दिवसांपूर्वी संपलेल्या बाटलीशी संबंध जोडायला कुणी तरी तो आधी सांगितलेला असावा लागतो. नीट औषधं यायच्या आधीच्या काळात या अवस्थेला पोचलेल्यांपैकी शंभरात पस्तीसपर्यंत माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. आज वेळेवर उपचार झाले तर हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली येतं. मधला फरक सगळा वेळेवर ओळखण्याचा आणि औषधाचा आहे.

एके काळी डॉक्टरांचंही यावर एकमत नव्हतं. झटके आणि भ्रम हे फार पिण्याने होतात की उपासमारीने, असा वाद होता. १९५५ साली अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षा भोगत असलेल्या काही माणसांना, त्यांच्या संमतीने, आठवडेच्या आठवडे दारू पाजली, सोबत नीट जेवण आणि जीवनसत्त्वं दिली, आणि मग दारू एकदम बंद केली. जे सर्वांत जास्त दिवस प्यायले होते त्यांच्यातल्या काहींना झटके आले, काहींना भ्रम झाला. पोट भरलेलं असूनही. आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही आणि करूही नये, पण त्या माणसांनी सोसलेल्या त्रासातून एक गोष्ट कायमची सिद्ध झाली: हा आजार दारू तुटण्याचा आहे.

दारू तुटते कधी, हे आपल्याकडे पाहा. आषाढी अमावस्येला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळणारे. गळ्यात माळ घालणारे. देवीपुढे किंवा आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणारे. पाय मोडून हाडांच्या वॉर्डात दाखल झालेले, ज्यांनी किती पितात हे डॉक्टरांना सांगितलेलं नसतं आणि डॉक्टरांनी विचारलेलं नसतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री ते सलाईन उपसून पळू लागतात. पोलीस कोठडीतले. कावीळ झाली म्हणून भीतीने त्याच दिवशी सोडणारे. आणि ज्या गावात आज दुकानाला कुलूप लागलं तिथले सगळे.

सगळ्यांची दारू एकाच दिवशी तुटली तर काय होतं, हे २०२० च्या मार्चमध्ये साऱ्या देशाने पाहिलं. टाळेबंदी रात्रीतून आली आणि दुकानं बंद झाली. केरळातून आत्महत्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. माझ्या मते न्यायालयाचं बरोबर होतं, कारण या आजारावर दारूपेक्षा कितीतरी सुरक्षित औषध आहे. पण ते औषध त्या आठवड्यात किती लोकांच्या गावापर्यंत पोचलं? बंगळुरूच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा टाळेबंदीनंतर दारू तुटल्याने गंभीर झालेले रुग्ण जवळजवळ दुप्पट झाल्याचं दिसलं. आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले, तेव्हा आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीला दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. हात कापत असताना, छाती फुटेल असं वाटत असताना माणूस काय करतो हे ज्याने जवळून पाहिलं आहे तो तसं म्हणणार नाही.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी यावर खूप लिहिलं गेलं, पुढेही लिहिलं जाईल. मला त्यात पडायचं नाही. बंदी असो वा नसो, शासनाची असो वा गावाची, पहिल्या आठवड्यात दवाखान्यात गोळ्या होत्या का, हा माझा प्रश्न आहे.

उपचार काय असतो ते आता सांगते. तो स्वस्त आहे आणि अवघड नाही.

मुख्य औषध म्हणजे मेंदूचा तो सुटलेला जोर काही दिवस धरून ठेवणाऱ्या गोळ्या: क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, किंवा यकृत खराब असलेल्यांना आणि म्हाताऱ्यांना लोराझेपाम. पहिल्या दिवशी पुरेसा डोस, मग रोज कमी करत पाच-सात दिवसांत बंद. किती द्यायचं हे डॉक्टर हाताची थरथर, घाम, नाडी, बेचैनी पाहून ठरवतात. त्यासाठी गुण देण्याची एक ठरलेली पद्धतही आहे, प्रशिक्षण मिळालं तर परिचारिका ती काही मिनिटांत करू शकते. डायझेपाम आणि लोराझेपाम राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. पण याच गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून, चुलतभावाच्या चिठ्ठीवर, वर दारू पिऊन घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. शिवाय महिनोन् महिने घेतल्या तर त्यांचीच सवय लागते. म्हणून त्या डॉक्टरने द्यायच्या, मोजून द्यायच्या, आणि घरात एकाच जबाबदार माणसाने सांभाळायच्या.

दुसरं औषध आहे ब-१ जीवनसत्त्व, थायमिन. याबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण याच्या अभावी होणारं नुकसान मला सर्वांत जास्त डाचतं. रोज पिणारा माणूस जेवत नाही, जे खातो त्यातलं थायमिन नीट शोषलं जात नाही, आणि शरीरातला साठा काही आठवड्यांतच संपतो. आपल्याकडे तब्येत बिघडली की पहिली मागणी असते, 'डॉक्टर, सलाईन लावा.' ग्लुकोजची बाटली लागते. ते ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं, आणि उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडतं. मग माणूस गोंधळतो, डोळे एकीकडे खिळतात किंवा दोन-दोन दिसू लागतं, चालताना झोक जातो. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८८१ मध्ये याचं वर्णन केलं. सगळी लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही. नुसता गोंधळलेला दिसतो, आणि 'अजून उतरली नाही' म्हणून त्याला तसाच झोपू देतात. यातून पुढे जी विस्मृती होते ती बऱ्याच जणांत कायमची राहते: माणूस जुनं सगळं सांगतो आणि सकाळी काय खाल्लं हे सांगू शकत नाही. चाळिशीतला बाप मुलाला रोज नव्याने विचारतो, तू कितवीत आहेस. हे सगळं थायमिनच्या इंजेक्शनने टळू शकतं, आणि त्याची किंमत किरकोळ आहे. सलाईनच्या आधी किंवा निदान बरोबर थायमिन द्यायलाच हवं. रक्तातली साखर फार खाली गेली असेल तर ग्लुकोज द्यायला उशीर करायचा नाही, पण तेव्हाही थायमिन सोबत हवंच. पेशंटबरोबर गेलात तर विचारा: 'डॉक्टर, बी-वन दिलं का?' त्यात डॉक्टरचा अपमान नाही.

सगळ्यांना दाखल करावं लागत नाही. घरात लक्ष ठेवणारं माणूस असेल, डॉक्टर रोज किंवा एक दिवसाआड पाहणार असतील, तर बरेच जण घरीच गोळ्यांवर निघतात. दाखल कुणाला करायचं? ज्याला पूर्वी दारू सोडताना झटका आला होता किंवा भ्रम झाला होता, ज्याला कावीळ आहे, ताप आहे, रक्ताची उलटी झाली आहे, पडून डोक्याला मार लागला आहे, जो म्हातारा आहे, ज्या बाईला दिवस गेले आहेत, जो जीव द्यायचं बोलतो, आणि ज्याच्या घरी कुणी नाही. झटका आलाच तर कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू सरकवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, १०८ ला फोन करा. गोंधळलेला, तापलेला, भास होणारा माणूस रात्री दोन वाजता असेल तरी सकाळची वाट पाहू नका.

बांधून ठेवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. खोलीत कोंडून, खाटेला दोरीने बांधून 'दोन दिवसांत उतरेल' म्हणणारी घरं मी पाहिली आहेत, आणि ती प्रेमाचीच घरं होती. बांधलेला माणूस झगडतो, ताप आणखी चढतो, पाणी पोटात जात नाही. त्याला उजेड हवा, ओळखीचा आवाज हवा, थोडं थोडं पाणी हवं आणि औषध हवं.

आता एक गोष्ट जी तुमच्यापैकी पुष्कळजणींना रुचणार नाही. रोज सकाळपासून पिणारा माणूस आहे आणि डॉक्टर उद्याच भेटणार आहे, तर आज त्याची बाटली नालीत ओतू नका. औषध सुरू होईपर्यंत त्याची दारू थोडी कमी करा, पूर्ण तोडू नका. मला ठाऊक आहे, ज्या हातांनी त्या बाटलीपायी मार खाल्ला त्या हातांना हे सांगणं किती कठीण आहे. तरी सांगते, कारण तो एक दिवस त्याला जिवंत दवाखान्यापर्यंत आणतो. आणि त्या दिवशी तो अंगावर येत असेल तर तुम्ही आणि मुलं आधी सुरक्षित जागी जा. त्याची काळजी घ्यायची म्हणून मार खायचा, असा याचा अर्थ मुळीच नाही.

आणखी एक. एसटी स्टँडच्या भिंतींवर तुम्ही वाचलं असेल: 'न सांगता दारू सोडवा', चहातून, भाजीतून द्यायची पुडी. काही पुड्यांत काय असतं देव जाणे. काही वेळा मात्र त्यात डायसल्फिराम नावाचं खरं औषध असतं, किंवा कुणी ते मेडिकलमधून आणून गुपचूप देतं. हे औषध घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय अधू असेल तर जीव जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला हे माहीत आहे, जो स्वखुशीने तयार आहे, त्याला तपासण्या करून हे देता येतं आणि काही जणांना त्याचा फायदाही होतो. न सांगता दिलं तर ते विषप्रयोगासारखं आहे. शिवाय दारू तुटल्याची थरथर, झटका, भ्रम यांवर त्याचा काडीचा उपयोग नाही. बायकोने हे किती अगतिक होऊन केलं असेल ते मी समजू शकते, म्हणूनच समितीने ते उघडपणे थांबवावं.

पिणाऱ्या बायकांबद्दलही बोलायला हवं. दारूबंदीच्या सभेत त्यांचा विषय निघत नाही. मोहाची, हातभट्टीची दारू घरात गाळणाऱ्या वस्त्यांमध्ये त्या आहेत, शहराकडच्या सोसायट्यांमध्ये आहेत, ऊसतोडीच्या पालांवर आहेत. त्या लपवतात, डॉक्टर विचारत नाही, आणि हात कापू लागले की 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक मिळतं. तुमच्या गटात बसणाऱ्या एखादीला हे लागू असू शकतं. तिला सगळ्यांसमोर नका विचारू.

मग समितीने करायचं काय? मतदानाची किंवा ठरावाची तारीख ठरली की त्याच्या निदान पंधरा दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि लेखी मागा: त्या आठवड्यासाठी या गोळ्यांचा आणि थायमिनच्या इंजेक्शनचा साठा, दाखल करावं लागणाऱ्यांसाठी ग्रामीण रुग्णालयात खाटा, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला एक माणूस फोनवर. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात घाला, म्हणजे ती कागदावर राहते. आशाताई आणि एएनएम सिस्टरना बसवून ज्यांना सकाळी दारू लागते अशांच्या घरी आधीच जाऊन यायला सांगा. नावांची यादी फळ्यावर लावायची नाही, सभेत वाचायची नाही; एकदा लाज वाटली की तो माणूस दवाखान्याची पायरी चढणार नाही, शेजारच्या गावाच्या गुत्त्यावर जाईल.

आणि तिथे गेल्यावर 'दारुड्यांना आम्ही अ‍ॅडमिट करत नाही' असं ऐकायला मिळालं तर? मिळतं, हे मला माहीत आहे. माझ्याच ओपीडीत चार दारं फिरून आलेली माणसं येतात. अशा वेळी शांतपणे सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारूच्या आणि इतर नशेच्या पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत, आणि शासकीय सेवेत उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. याच कायद्याने विमा कंपन्यांनाही शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांचा खर्च धरायला सांगितलं आहे. माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर तुम्हालाही सांगते: ओपीडीत भांडण करणारा, उलटी करणारा, वास मारणारा रुग्ण नको वाटतो, मला कळतं. पण हृदयविकाराचा रुग्ण तंबाखू खातो म्हणून आपण त्याला परत पाठवत नाही. सल्ला हवा असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. व्यसनमुक्तीसाठी केंद्राचा १४४४६ आहे. दोन्ही घरच्यांसाठीही आहेत.

शेवटी पाचव्या-सहाव्या दिवसाचं. थरथर गेली, भूक लागू लागली, चेहरा उजळला की घरात वाटतं, सुटला. तो फक्त पहिला उंबरठा ओलांडलेला असतो. झोप अजून कित्येक आठवडे विस्कटलेली राहते, मन उदास राहतं, ओढ अचानक येते. यापुढचा उपचार वेगळा: नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी ओढ कमी करणारी औषधं, समुपदेशन, दारू सोडणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा, किंवा पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रात राहून घेतलेला उपचार. मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे. या पुढच्या टप्प्याची सोय न करता माणसाला पुन्हा पुन्हा नुसतं 'सुकवत' राहणं धोक्याचं आहे, कारण दर वेळी दारू तुटताना मेंदू आधीपेक्षा जास्त चेकाळतो. पहिल्यांदा नुसते हात कापले, तिसऱ्या-चौथ्यांदा झटका आला, हा क्रम आम्ही नेहमी पाहतो. म्हणून दर श्रावणात सोडून भाद्रपदात धरणाऱ्याच्या घरच्यांनी 'तो तर दर वर्षी सोडतो, काही होत नाही' असं म्हणून निर्धास्त राहू नये. यंदा सोडण्याआधी त्याला दवाखान्यात आणा.

तुमच्या सभेला मी यायला तयार आहे. दिवसा शेतात कामं असतात, तेव्हा संध्याकाळी भाकऱ्या आटोपल्यावर ठेवलीत तरी चालेल. सोबत आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि आशाताई असाव्यात, आणि शक्य असेल तर दारू सोडून काही वर्षं झालेला गावातलाच एखादा माणूस. तो दोन वाक्यं बोलला तरी माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा लोक ते जास्त ऐकतील. तारीख ठरली की थोडं आधी कळवा, म्हणजे त्या आठवड्यात मी ग्रामीण रुग्णालयाचा दिवस तुमच्या तालुक्यात लावून घेईन.

आपली,
एक मनोविकारतज्ज्ञ